दंडाचे पैसे खिशात ठेवणारे मित्र

(माजी विद्यार्थी मेळाव्यात, रोहणा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, की तू अमेरिकेत राहून आलीस, तर तिथलं काहीतरी सांग. पोरांना प्रेरणा मिळेल असं. मी हो म्हटलं. कारण शाळेतही बाईंनी ‘बोलशील का’ विचारलं की मी आधी हो म्हणायची आणि मग रात्रभर जागायची. ती सवय गेलेली नाही. काल रात्रीही जागले. पण त्याचं कारण वेगळं होतं, ते शेवटी सांगते.

अमेरिकेपासूनच सुरुवात करते. आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी लिंकनचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते हेडमास्तरांना लिहिलेल्या त्या पत्रामुळे. कुठल्याही शाळेच्या कार्यालयात जा, भिंतीवर ते फ्रेम करून लावलेलं असतं. वसंत बापटांनी ते मराठीत आणलं. आता गंमत अशी, की ते पत्र लिंकननंच लिहिलं याला पुरावा सापडत नाही. हे मला कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं इलिनॉय राज्यात होते. लिंकनचं स्प्रिंगफील्ड हे गाव त्याच राज्यात. एका शनिवारी मी तिथे गेले, त्याचं घर पाहिलं, आणि मग त्याच्याबद्दल वाचत बसले. तेव्हा एक खरी गोष्ट सापडली. ती मला त्या पत्रापेक्षा जास्त आवडली.

१८३७ च्या एप्रिलमध्ये लिंकन स्प्रिंगफील्डला आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. नुकताच वकील झालेला, डोक्यावर कर्ज, घोडासुद्धा दुसऱ्याचा मागून आणलेला. सामान म्हणजे खोगिराला अडकवलेल्या दोन पिशव्या. तो एका दुकानात गेला आणि विचारलं, खाट-गादीचा सगळा संच कितीला पडेल? दुकानातल्या जोशुआ स्पीड नावाच्या तरुणानं हिशेब करून सतरा डॉलर सांगितले. लिंकन म्हणाला, स्वस्त आहे, पण माझ्याकडे तेवढेही नाहीत. नाताळपर्यंत उधार दिलंत आणि माझी वकिली चालली तर देईन, नाही चालली तर कदाचित कधीच देऊ शकणार नाही. त्याचा पडलेला चेहरा पाहून स्पीड म्हणाला, वर माझी खोली आहे, खाट मोठी आहे, हवं तर माझ्याबरोबर राहा. लिंकन पिशव्या घेऊन जिना चढला, त्या ठेवल्या, आणि हसत खाली आला. झालं, घर बदललं!

पुढे जवळजवळ चार वर्षं ते दोघं त्या खोलीत राहिले. लिंकनचं लग्न मोडण्याच्या बेताला आलं आणि तो पार खचला, तेव्हा स्पीड होता. मग दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. स्पीड केंटकीला आपल्या घरी परतला. ते घर गुलाम बाळगणारं होतं. १८५५ मध्ये लिंकननं त्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. गुलामगिरीबद्दल तुझं-माझं जमत नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलं, आणि मैत्रीही तोडली नाही. पुढे लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला, यादवी युद्ध पेटलं, केंटकी कुठल्या बाजूला जाणार असा पेच पडला, तेव्हा केंटकी संघराज्यात राहावं म्हणून स्पीडनं जिवाचं रान केलं. त्याचा थोरला भाऊ जेम्स १८६४ मध्ये लिंकनच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल झाला.

ही गोष्ट वाचल्यावर मला वाटलं, आपल्याकडे असं कोण होतं? मोठ्या माणसाच्या मोठेपणाआधीचे मित्र कोण? आणि मग आठवली सातवीतली पवनारची सहल.

आठवते ना? एसटीची सहल, डब्यात पोळी आणि आलूची सुकी भाजी, आणि धाम नदीच्या काठावर गुरुजींचा एकच आवाज, ‘पाण्यात कोणी उतरायचं नाही!’ आश्रमात आपल्याला सांगितलं की इथे विनोबा राहायचे. १९५१ मध्ये भूदान सुरू केलं, तेरा वर्षं पायी फिरले, १५ नोव्हेंबर १९८२ ला इथेच गेले. आपण वहीत लिहून घेतलं. परीक्षेत आलं, दोन गुण मिळाले. पण त्यांचे शाळेतले मित्र कोण, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. खरं म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली ही एक मोठी गोष्ट आहे, आणि ती एका शाळेच्या वर्गातून सुरू होते. म्हणून आज ती इथे सांगते.

विनायक नरहर भावे हा मुलगा मूळचा कोकणातला, गागोद्याचा. जन्म ११ सप्टेंबर १८९५. वडील नोकरीला बडोद्यात, म्हणून शाळा बडोद्यात. गणितात हुशार, बोलण्यात फटकळ, आणि चालण्याचं वेड. मैल न् मैल भटकायचा आणि बरोबर मित्रांचा घोळका. १९१४ मध्ये या पोरांनी एक विद्यार्थी मंडळ काढलं. पुस्तकं जमवायची, वाचायची, एकमेकांसमोर भाषणं करायची, उत्सव साजरे करायचे. गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, मोघे, बेडेकर, तगारे अशी ही मंडळी. त्या वेळी त्यांच्यातला कोणीच ‘मोठा’ नव्हता. सगळे आपल्यासारखेच, गृहपाठ चुकवणारे.

त्या दिवसांतली एक गोष्ट विनोबांनीच पुढे सांगून ठेवली आहे. शिवजयंती साजरी करायची ठरली. कुठे करायची? विनोबांचं म्हणणं, शिवाजी महाराज स्वातंत्र्याचे भोक्ते, त्यांचा उत्सव चार भिंतींत कसा करायचा, तो रानात, मोकळ्या आभाळाखाली व्हायला पाहिजे. पण सुट्टी तर नव्हती. मग तास बुडवायचा ठरला. पोरं रानात गेली, उत्सव झाला. परत येताना प्रश्न पडला, उद्या शिक्षा होणार, तिचं काय? उपाय निघाला तो असा, की प्रत्येकानं दंडाचे पैसे घरून खिशात घालूनच यायचं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, शाळेत करता आला नसता का उत्सव? विनोबांनी उत्तर दिलं, गुलामीच्या जागेत शिवाजी महाराजांचा उत्सव होत नाही. मास्तर चिडले, दंड केला. आणि सगळ्यांनी एकदम खिशात हात घातला.

मित्रांनो, मला या गोष्टीत विनोबांच्या उत्तरापेक्षा तो खिशात गेलेला हात जास्त मोठा वाटतो. उत्तर एकानं दिलं. दंड सगळ्यांनी भरला. ज्याचं डोकं चालतं त्याच्या मागे जाणं सोपं असतं. त्याच्या वाट्याच्या शिक्षेतला आपला भाग आधीच मोजून बरोबर आणणं, हे मैत्रीचं काम.

पुढे २५ मार्च १९१६ ला विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले. त्याआधी घरी चुलीपाशी बसून आपली प्रमाणपत्रं त्यांनी जाळून टाकली होती. आई स्वयंपाक करत होती. ती म्हणाली, ठेवली असती तर काय बिघडलं असतं? याचं म्हणणं, जे लागणारच नाही ते ठेवायचं कशाला? आता गाडी मुंबईची, पण हा सुरतेला उतरला आणि काशीची वाट धरली. एकटा नाही. बेडेकर आणि तगारे दोघंही त्याच्याबरोबर उतरले. जरा विचार करा. आपल्या घरची परिस्थिती काय, परीक्षा तोंडावर, आणि मित्र म्हणतो मी उतरतो. आपल्यापैकी किती जण उतरले असते? मी तर नसतेच उतरले. माझी बॅग वर ठेवलेली असती, आणि मी खिडकीतून हात हलवला असता.

तगारे त्यांच्यासोबत फार दिवस राहिले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. सुरतेला उतरणं हीच लहान गोष्ट नव्हती. बेडेकर राहिले. काशीत अन्नछत्रात एक वेळ जेवायचं, वर दोन पैसे दक्षिणा मिळायची, तिचं दही आणि रताळी आणून रात्र काढायची. असे दिवस. शरीरानं धडधाकट असलेले बेडेकरच आजारी पडले, आणि काही आठवड्यांत त्याच काशीत वारले. गंगेच्या काठी त्यांचे अंत्यसंस्कार विनोबांनी स्वतः केले. वीस वर्षांचा मुलगा, आपल्या वर्गमित्राला अग्नी देतो आहे. भूदानाच्या हजारो मैलांची वाट आपण पाठ केली, पण त्या वाटेवर पहिल्यांदा बरोबर चाललेला माणूस कुठल्याच पाठ्यपुस्तकात भेटला नाही.

काशीतच विनोबांनी गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातल्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रव्यवहार केला, आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात ते गांधीजींना भेटले. तिथून पुढचं आपल्याला माहीत आहे, असं आपल्याला वाटतं. पण मधली वर्षं पाहा. ते वर्षभराची रजा घेऊन वाईला शिकायला गेले, तर तिथेही विद्यार्थी मंडळ काढलं. वाचनालयाला पैसे नाहीत, म्हणून विनोबा आणि पंधराएक विद्यार्थी जात्यावर दळण दळायला बसले. दोन शेराला एक पैसा. हायस्कुलातली, चांगल्या घरची पोरं. दोनेक महिने हे चाललं आणि वाचनालयात चारशे पुस्तकं झाली. बडोद्यात जे मित्रांकडून शिकले तेच वाईत पुन्हा केलं.

८ एप्रिल १९२१ ला विनोबा वर्ध्याला आले. त्यांना आणण्यामागे जमनालाल बजाजांचा आग्रह होता. जमनालालजी म्हणजे गांधीजींचे तसेच मित्र. राजस्थानातून लहानपणी वर्ध्याला दत्तक आलेले, आणि मोठेपणी त्यांनी स्वतःच गांधीजींना सांगितलं की मला तुमचा पाचवा मुलगा माना. इंग्रज सरकारनं दिलेली रायबहादूर पदवी परत केली. १९२८ मध्ये वर्ध्याचं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुलं केलं. १९३४ नंतर गांधीजी वर्ध्यात राहिले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले, ते या माणसामुळे. पवनारचा तो धामकाठचा बंगलाही त्यांचाच. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले, तेव्हा त्यांना साठीसुद्धा गाठता आलेली नव्हती.

आणि विनोबांचे ते बडोद्याचे सवंगडी? ते एकेक करून वर्ध्याला आले. गोपाळराव काळे आले, मोघे आले. धोत्रे पुढे गांधी सेवा संघाचे चिटणीस झाले. विनोबांचे दोघे धाकटे भाऊ बाळकोबा आणि शिवबा हेही याच वाटेनं घर सोडून निघाले होते. वर्ध्यात नवे साथी मिळाले. वाळुंजकरांनी नालवाडीत चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावराचं कातडं सोलण्याचं काम, जे करणाऱ्याला गाव शिवत नव्हतं, ते त्यांनी हाताने केलं. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. ज्या काळात महारोगी म्हटलं की माणसं रस्ता बदलायची, त्या काळात.

आता एक तारीख लक्षात घ्या. १७ ऑक्टोबर १९४०. वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांना निवडलं. देशभर लोक विचारू लागले, हे विनोबा कोण? गांधीजींना त्यांची ओळख करून देणारा लेख लिहावा लागला. म्हणजे १९१४ पासून १९४० पर्यंत, सव्वीस वर्षं, या माणसाला देश ओळखत नव्हता. त्या सव्वीस वर्षांत जे त्याच्याबरोबर होते, ते कशासाठी होते? नावासाठी नाही, कारण नाव नव्हतंच. पदासाठी नाही. ते होते कारण शाळेत एकदा बरोबर रानात गेले होते. आणि पुढे विनोबा देशभर पायी फिरत होते, तेव्हा नालवाडीचे माग, दत्तपूरची औषधं, पवनारची शेती आपोआप चालत नव्हती. कोणीतरी मागे राहिलं होतं.

आमच्या धंद्यातही हेच आहे. एखादं सॉफ्टवेअर चाललं, की सादरीकरण करणाऱ्याचा फोटो निघतो. रात्री दोन वाजता चूक शोधून काढणाऱ्याचं नाव मशीनच्या नोंदीत कुठेतरी पडून राहतं, आणि ती नोंद कोणी उघडत नाही.

आता मी माझी नोंद उघडते. म्हणून काल झोप लागली नाही.

दहावीनंतर आपल्यातल्या काही जणांनी आर्वीला प्रवेश घेतला. रोज एसटीनं जायचं-यायचं. पावसाळ्यात गाडी कधी यायची, कधी यायची नाही. मी विज्ञान शाखेला, प्रॅक्टिकल असली की शेवटची गाडी चुकायची. बाबांना खोली परवडणार नव्हती. तेव्हा आपल्याच वर्गातली एक मैत्रीण, ती कला शाखेला होती, आर्वीत तिच्या मावशीकडे राहायची. ती मला म्हणाली, ‘काहून भेतं वं? माही खाट हाय ना.’ मावशीच्या माडीवर एक खोली, एक खाट. दोन वर्षं आम्ही दोघी त्या खाटेवर झोपलो. मी रात्री एकपर्यंत दिवा लावून बसायची आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. दिवा बंद कर असं ती एकदाही म्हणाली नाही. सकाळी तिचे डोळे लाल असायचे. मला वाटायचं तिला डोळ्यांचा त्रास आहे. इतकी मी हुशार!

बारावीचा निकाल लागला. मला चांगले गुण मिळाले. ती इंग्रजीत राहिली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी नागपूरला जायचं होतं, फी त्याच दिवशी भरायची होती, आणि घरी कापसाचा चुकारा आलेला नव्हता. बाबा दोन दिवस गावात फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. रुमालात बांधून नऊशे रुपये. शिलाई मशीन घ्यायला तिनं वर्षभर पै-पै करून जमवलेले. म्हणाली, ‘जाय तू. मशीन काय, पुढल्या साली येते.’ बाकीचे बाबांनी उभे केले. मी नागपूरला गेले.

दिवाळीत बाबांनी तिचे नऊशे परत केले. मी वहीत लिहिलं, ‘फिटले.’ खरंच तसं लिहिलं होतं, मला ते पान आठवतं. हिशेबाची मला लहानपणापासून शिस्त होती ना!

पुढे कॉलेज, नोकरी, पुणे, अमेरिका. तिचं लग्न झालं, जवळच्याच एका गावी. मशीन आली, उशिरा आली. तीन वेळा मी रोहण्याला आले आणि वेळ नाही म्हणून तिच्या गावाला न जाता परतले. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. मला व्हॉट्सॲपवर कळलं. मी तेव्हा स्प्रिंगफील्डपासून दोन तासांवर राहत होते. मी तिला काय पाठवलं माहीत आहे? जोडलेले दोन हात. ते पिवळे हात असतात ना, ते. आणि मग मिटिंगला गेले. ज्या महिन्यात मी लिंकनच्या अर्ध्या खाटेची गोष्ट वाचून डोळे पुसत होते, त्याच महिन्यात माझ्या अर्ध्या खाटेच्या मालकिणीला मी फोनसुद्धा केला नाही.

आता या मेळाव्याचं सांगते. नोंदणीचा फॉर्म मीच बनवला, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मोबाइलवर भरायचा. नाव, गाव, फोन, आणि पुढे ‘सध्याचा हुद्दा’. त्या रकान्यापुढे मी लाल चांदणी लावली. म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. सवयीनं लावली. ऑफिसात आम्ही असंच करतो. आपल्या दहावीच्या वर्गाचा पट बावन्नचा होता. फॉर्म एकोणतीस जणांनी भरला. काही जण आज आपल्यात नाहीत, त्यांना आपण सुरुवातीला श्रद्धांजली वाहिली. बाकीचे का आले नाहीत, यावर ग्रुपवर आपण चर्चा केली. ‘लोकांना शाळेबद्दल आस्थाच राहिली नाही,’ असं कोणीतरी लिहिलं, आणि मी त्याला अंगठा दिला.

काल मी तिच्या गावी गेले. ती अंगणात तुरी वाळत घालत होती. मला पाहून आधी सूप खाली ठेवलं, मग हसली. चहा झाला. मी म्हटलं, उद्या का येत नाहीस? ती म्हणाली, ‘येत होती मी. पोरानं फारम उघडून देला. त्यात हुद्दा मांगते. काय लिवू? काहीच नाई लिवलं तं तो पुढंच जाईना.’ आणि वर मलाच समजावलं, ‘जाऊ दे, तुही पोट्टी चांगली असन ना?’

वर्गमित्रांनो, लिंकनच्या गोष्टीत स्पीडला कोणी विचारलं नाही, की तुझा हुद्दा काय. विनोबांच्या मंडळात बेडेकरांचा हुद्दा काय होता? सुरतेला उतरलेला मुलगा. धोत्रे, काळे, मोघे यांचा १९१४ मध्ये हुद्दा काय होता? दंडाचे पैसे खिशात ठेवलेली पोरं. मोठ्या माणसाच्या पहिल्या मित्रांची नावं इतिहासातून गळतात, कारण यादी करणारे असा रकाना ठेवतात की त्यांना भरताच येत नाही. आपल्या बाबतीत तो रकाना इतिहासानं ठेवला नाही. मी ठेवला.

म्हणून काल रात्री घरी आल्यावर मी तो काढून टाकला. दोन मिनिटांचं काम होतं. पण मेळावा आजच आहे, त्याला आता उशीर झाला. एका गोष्टीला मात्र उशीर झालेला नाही. आपली स्मरणिका छापायला जायची आहे. तिच्यात ‘आपले यशवंत’ असं एक पान ठरलेलं आहे, त्यात माझाही फोटो आहे. माझी संपादक मंडळाला हात जोडून विनंती आहे, आणि हे हात व्हॉट्सॲपचे नाहीत, खरे आहेत. ते पान काढा. त्याऐवजी आपल्या दहावीच्या वर्गाचा हजेरीपट छापा. बावन्नच्या बावन्न नावं, पटावर होती त्याच क्रमानं. पास-नापास नको, हुद्दा नको, गावसुद्धा नको. बाई जशी हाक मारायच्या तशी फक्त नावं. जे वारले त्यांचीही. जे दहावीला राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून वखरामागे गेले त्यांचीही. आणि ज्यांनी आठवीत शाळा सोडली, त्यांची नावं जुन्या पटावरून शोधून काढायचं काम मी करीन. त्याला माझी एक रजा लागेल, ती मी टाकलेली आहे.

आणि दुसरी विनंती तुम्हा सगळ्यांना. आज घरी जाण्याआधी प्रत्येकानं एक नाव आठवायचं. ज्यानं तुमच्यासाठी आपल्या खाटेवर जागा केली, ज्यानं तुमच्या वाटची छडी खाल्ली, ज्यानं आपली वही तुम्हाला दिली आणि स्वतः मार खाल्ला. तो आज या मांडवात असेल तर उठून त्याच्याजवळ जा. नसेल तर त्याच्या गावाला जा. फोन करू नका. जा. आपल्या गावांची अंतरं किती आहेत? लहानपणी आपण पुलगाव-आर्वीच्या शकुंतलेतून जायचो, तिच्याशी शर्यत लावून पोरं बाजूनं पळायची आणि जिंकायचीसुद्धा. एवढीच अंतरं आहेत ही. मला मात्र ती पार करायला अठ्ठावीस वर्षं लागली.

काल निघताना मी तिला म्हटलं, तुझे ते नऊशे रुपये अजून फिटले नाहीत. ती म्हणाली, ‘तुह्या बाबानं तं देले होते.’ मी म्हटलं, त्यांनी दिले, मी नाही दिले. तिला ते कळलं की नाही माहीत नाही. तिनं जाताना ओंजळभर ओली तूर माझ्या पदरात घातली आणि म्हणाली, शिजवून खा, पुण्यात अशी मिळत नसन.

गुरुजी, बाई, तुम्ही आम्हाला गणित शिकवलं. काही हिशेब फिटवायचे नसतात, जन्मभर चालू ठेवायचे असतात, हेही तुम्ही शिकवलं असणार. मी त्या तासाला बहुतेक पुढच्या धड्यात होते.

एवढं बोलून थांबते. संपादक मंडळ हो म्हणतंय की नाही, ते मला इथून उतरायच्या आधी सांगा.

(संपादक मंडळाकडून: हजेरीपट पुढील पानावर छापला आहे.)